पट्टी खिशात, हात पाठीमागे

घर बघायला गेलो तेव्हा माणसं किती, पाहुणे किती येतात, घरात मांसमच्छी शिजते का, यातलं घरमालक काकांनी काहीच विचारलं नाही. ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "भिंतीला खिळा कसा ठोकता?"

नवरा म्हणाला, "हातोडीने."

काकांनी क्षणभर डोळे मिटले. मग माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "आधी पेन्सिलने खूण करते." तेवढ्या एका वाक्यावर सिडकोतल्या त्या घराचा वरचा मजला आम्हाला मिळाला. पुढची नऊ वर्षं भिंतींना खिळे मीच ठोकले.

काका अंबडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. दुसऱ्यांनी केलेली वस्तू हातात घ्यायची आणि तिच्यात काय चुकलंय ते सांगायचं, असं त्यांनी तीसेक वर्षं केलं. निवृत्तीच्या दिवशी ओळखपत्र त्यांनी कारखान्यात जमा केलं, नजर मात्र घरी घेऊन आले. इतर लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, काका सहा इंची स्टीलची पट्टी ठेवत. लग्नकार्यातसुद्धा. एका लग्नात नवरा-नवरी स्टेजवर उभे असताना काका बाजूच्या कमानीला पट्टी लावून उभे होते. आहेराचं पाकीट काकूंनी दिलं. काकांनी मांडववाल्याला दोन सूचना दिल्या.

"डोळ्याला दिसतं ते खरं नसतं, पट्टीला दिसतं तेच खरं," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणत. पट्टीने भागलं नाही तर केसाची जाडीही मोजणारं व्हर्नियर निघायचं. एका सकाळी मी विरजण मागायला खाली गेले, तर काका पोळीची जाडी मोजत होते.

"एक पॉइंट आठ," ते काकूंना म्हणाले. "काल एक पॉइंट पाच होती."

काकूंचं माहेर चांदवडकडचं. त्या तव्यावरची पोळी उलटत म्हणाल्या, "लय झालं तुमचं. उद्या उपाशी ऱ्हावा, बरोब्बर झिरो येईल."

'चालून जाईल' हे दोन शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. नवीन होतो तेव्हा मी एकदा बोलून गेले, "काका, बाथरूमचं दार थोडं घासतंय, पण चालून जाईल." त्यांनी दार काढून खाली नेलं आणि चार दिवस त्यावर काम केलं. चार दिवस आम्ही चादर लावून आंघोळी केल्या. दार परत आलं तेव्हा एका बोटाने बंद होत होतं, हे कबूल करते. पण त्यानंतर मी तक्रार विचार करून करू लागले.

आता मूळ गोष्ट, म्हणजे नातवंडं. काकांची मुलगी इंदिरानगरला राहते आणि कॉलेजात शिकवते. जावई फिरतीवर. त्यामुळे तिसरीतली मुक्ता आणि बालवाडीतला सोहम दुपारी दीडला शाळेच्या व्हॅनमधून आजोळी उतरत आणि सहाला आई येईपर्यंत आबांच्या, म्हणजे काकांच्या, ताब्यात असत. माझी कारखान्यात पहिली पाळी. साडेतीनला मी घरी येत असे आणि काकांचं वर्कशॉप आमच्या जिन्याखालीच होतं. त्यामुळे पुढे जे सांगते ते ऐकीव नाही.

काकांचं तत्त्व साधं होतं. "मुलाच्या हातातून मोबाइल ओढायचा नाही. हाताला काम द्या, मोबाइल आपोआप खाली पडतो." तत्त्व बरोबर होतं. मोबाइल खरोखर पडला. जिन्याखाली त्यांनी दोन छोटी स्टुलं केली, मुलांच्या गुडघ्यापासून मोजून. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवली, म्हणजे कात्री जागेवर नसली की तिची पांढरी सावली दिसे. मुलं आठवडाभर हरखून गेली. मग तपासणी सुरू झाली.

संक्रांतीला पतंग करायचा ठरला. काकांनी आधी त्याचा आराखडा काढला. बांबूची कामटी पट्टीला सरळ दिसेपर्यंत तासली आणि सांधे दुहेरी चिकटवले. कडा फाटू नयेत म्हणून चारी बाजूंनी कागदाची पट्टी मारली, मध्यावर ठिगळ, ठिगळावर आणखी एक. असा देखणा पतंग मी पाहिलेला नाही. त्याच्यावर पोळी लाटता आली असती. संक्रांतीच्या दुपारी सिडकोचं सगळं आकाश पतंगांनी भरलं होतं आणि आमच्या गच्चीवर सोहम आपला पतंग दोरीने ओढत फिरवत होता, लोक कुत्रा फिरवतात तसा.

"वारा नाही," काका म्हणाले.

मुक्ताने वर पाहिलं. मग आबांकडे पाहिलं. आठ वर्षांच्या मानाने ती पोर समजूतदार, तिने सोहमच्या हातातली दोरी गुंडाळायला घेतली.

त्यानंतर चिमण्यांचं घरटं. सागवानी, खाचेत खाच बसवणाऱ्या डव्हटेल जोडाचं, भोक मिलिमीटरमध्ये मोजलेलं. वर्षभरात एकही चिमणी आत गेली नाही. काकूंनी फडताळावर आडव्या ठेवलेल्या बुटाच्या खोक्यात मात्र दोनदा पिल्लं झाली. "चिमण्यांना क्वालिटी कळत नाही," असं काकांनी जाहीर केलं. "तुमच्याकडं येऊन रिजेक्ट व्हायला त्या काय येड्या हायत?" असं काकूंनी आतून विचारलं.

रिजेक्ट हा खरा प्रश्न होता. मुलांनी काहीही केलं की काका ते उजेडात धरत, पट्टी लावत आणि मागच्या बाजूला लाल पेनने 'रीवर्क' असं लिहून तारीख टाकत. सोहमला वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्याला ते बक्षीस वाटायचं. मुक्ताला वाचता येत होतं.

आईच्या वाढदिवसाला मुक्ताने भेटकार्ड केलं. त्याच्यावर फूल चिकटवलं. फूल मध्यावर नव्हतं. रीवर्क. दुसऱ्यांदा मध्यावर आलं, पण पाकळ्या सारख्या नव्हत्या. तिसऱ्यांदा डिंक बाहेर आला. शेवटी काकांनी "बघ, असं," म्हणून स्वतःच एक करून दाखवलं. वाढदिवसाच्या दिवशी मुक्ताने ते आईच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे आबांनी केलंय. माझं रिजेक्ट झालं."

दुसऱ्या दिवशी सहाला काकांची मुलगी आली ती पर्समधून एक कागद काढतच. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होते. वर निघून जायला हवं होतं. नाही गेले.

"बाबा, शाळेजवळ पाळणाघर निघालंय. चित्रकला, मातीकाम, सगळं असतं. सहापर्यंत ठेवतात. मी फॉर्म आणलाय."

"इथे काय कमी आहे?" काका म्हणाले. "हत्यारं बघ. त्यांच्याकडे असली हत्यारं असतील?"

"तिथे लाल पेन नाही."

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्या दिवसात दीड ते सहा एवढंच होतं. बाकीचा वेळ ते दीड वाजण्याची वाट बघत, हे काकूंना माहीत होतं, मला माहीत होतं आणि मुलीलाही माहीत असणार, कारण तिने कागद परत पर्समध्ये ठेवला.

"गणपतीपर्यंत बघते," ती म्हणाली. "पण मुलं जे करतील त्याला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"पट्टीसुद्धा नाही."

"पट्टीने काय होतं? पट्टी नुसती—"

"बाबा."

"बरं."

यंदाचा गणपती मुलांनी करायचा असं ठरलं. ही काकांचीच कल्पना. परीक्षा द्यायचीच तर मोठी द्यावी, असा त्यांचा खाक्या. शाडूची पोती आली. मुक्ता गणपती करणार, सोहम उंदीर. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "सोंड दिसली म्हंजे झालं. पूजा मी करते, मला चालतंय." काकांनी तो 'चालतंय' मुकाट्याने गिळला.

पुढचे पंधरा दिवस रोज साडेतीनला मला जिन्याखाली तोच देखावा दिसे. मुलं मातीत कोपरापर्यंत आणि काका दोन पावलं मागे, हात पाठीमागे. हात आपोआप पुढे यायचे, मग ते एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून ठेवत. एकदा तर ते भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"काका, काय झालं?" मी हळूच विचारलं.

"डावा कान," ते भिंतीलाच म्हणाले. "उजव्यापेक्षा चांगला बोटभर खाली आहे."

"मग?"

"मग काही नाही. मी बघत नाहीये."

तेवढ्यात मुक्ताने हाक मारली. "आबा, कसा झालाय?"

काका वळले. गणपती उजवीकडे कलून बसला होता, चार मोदक जास्त झाल्यासारखा. काकांनी पाठीमागे मनगट आणखी आवळलं आणि मग त्यांच्या तोंडून "छान" असा शब्द बाहेर पडला.

मुक्ता म्हणाली, "तुमच्या पोटात दुखतंय का?"

सोहमचा उंदीर रोज वाढत होता. त्याच्याकडे माती उरली की तो ती उंदराला लावायचा. उंदीर आधी मांजराएवढा झाला, मग गणपतीच्या खांद्याला लागला. सोहमचं म्हणणं, एवढ्या मोठ्या देवाला पाठीवर घ्यायचं तर उंदीर दणकट पाहिजे. यावर काका म्हणाले, "पोराला लोड कळतो," आणि हे त्यांनी मनापासून म्हटलं.

चतुर्थीला चार दिवस होते. त्या दिवशी सोहमला ताप होता म्हणून मुलं आली नव्हती. मी कामावरून आले तर काका जिन्याखाली एकटे, पाठ माझ्याकडे आणि दोन्ही हात पुढे.

"काका, काय चाललंय?"

"निरीक्षण," ते म्हणाले. हात कोपरापर्यंत करडे होते. पायाशी ड्रिल मशीन होतं. निरीक्षणाला ड्रिल लागत नाही, एवढं मलाही कळतं.

मग त्यांनीच सांगितलं. सुकताना गणपतीच्या मानेला भेग गेली होती. भंगलेल्या मूर्तीची पूजा करत नाहीत. दुसरी करून सुकायला वेळ नव्हता. "पोर पंधरा दिवस राबली आहे," ते म्हणाले. "तुम्ही काही पाहिलं नाही."

मी विचार केला. मुलीला दिलेला शब्द त्यांचा होता, माझा नव्हता. आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी दोन महिने काकांच्या 'अभ्यासाखाली' होती. मी वर गेले. दुसऱ्या दिवशी मी न सांगता कडी बसली. मी काही पाहिलं नाही.

गणपती बसला. मान ताठ आणि रंग मुक्ताने दिलेला, म्हणजे सोवळं केशरी आणि कानसुद्धा केशरी, कारण रंग उरला होता. शेजारी उंदीर. दर्शनाला आलेले लोक आधी उंदराला नमस्कार करत आणि मग चूक लक्षात येऊन बाजूला सरकत. काकू प्रत्येकाला सांगत होत्या, "आमच्या नातवंडांनी केलाय. ह्यांचा हात नाय लागला." काका अशा वेळी पाणी प्यायला आत जात. मुलगी खुशीत होती. पाळणाघराचा विषय पाच दिवसांत एकदाही निघाला नाही.

पाचव्या दिवशी विसर्जन. घरातच, मोठ्या टबात. मुक्ताला शाळेत बाईंनी सांगितलं होतं की शाडूचा गणपती पाण्यात ठेवला की काही तासांत विरघळतो आणि मग ते पाणी झाडांना घालायचं. उत्तरपूजा झाली, आरती झाली, मुक्ताने आणि तिच्या आईने मिळून गणपती पाण्यात ठेवला, सोहमने उंदीर. आणि मुलं टबाच्या काठाशी मांडी घालून बसली.

उंदीर अर्ध्या तासात गेला. आधी शेपूट, मग कान, मग धप्पकन सगळा. सोहमने टाळ्या वाजवल्या. "माझा उंदीर पुढे गेला! जागा धरायला!"

गणपती जाईना. केशरी रंग सुटला, हात गळून पडले, पोट खाली बसलं. पण गळ्यापासून वर तो जसाच्या तसा, पाण्याबाहेर डोकं काढून. तास गेला, दोन तास गेले. चहा झाला. काकूंनी खिचडी टाकली.

"माती चांगल्या प्रतीची आहे," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मुलगी मुलांना घेऊन परत आली, कारण सोहमने घरी झोपायला नकार दिला होता. गणपतीची आई वाट बघत असेल आणि हा इथे अडकलाय, असं त्याचं म्हणणं. मीही खाली गेले. टबात तळाशी मऊ चिखल बसला होता आणि त्याच्या मधोमध एक लोखंडी सळई उभी होती. अगदी ओळंब्यात. सळईच्या वरच्या टोकाला नारळाएवढा करडा गोळा आणि त्या गोळ्याला सोंड. दोन कानही होते. दोन्ही एका रेषेत.

मी वाकून तो गोळा पाहिला. नळाची गळती बंद करायला दोन रंगांची, कणकेसारखी मळायची पुट्टी मिळते, ती मी ओळखते; आमच्या कारखान्यात ती खोक्यांनी येते. तिचा मोठेपणाच हा, की ती पाण्याखालीसुद्धा धरून ठेवते.

मुक्ता उठून उभी राहिली. "आबा, तुम्ही हात लावला होता."

मुलीने वडिलांकडे पाहिलं. काकूंनी पाहिलं. मी खिडकीच्या कडीचा विचार करत खाली पाहिलं. काकांना सुटायला जागा होती. माती खराब निघाली म्हणता आलं असतं. तीस वर्षं लोकांनी त्यांना असलीच कारणं दिली होती, सगळी तोंडपाठ असणार.

"हो," काका म्हणाले. "मानेला भेग गेली होती. मी सळई घातली."

"आणि कान?"

काका घुटमळले. "कान... हात लागलाच होता, म्हणून."

"मला तेव्हाच वाटलं होतं," मुक्ता म्हणाली. "मी रंग देताना बघितलं, कान सरळ झाला होता. मला का नाही सांगितलं?"

"तू रडली असतीस."

"मग रडले असते! आणि मग मीच चिकटवला असता. वाकडा."

"चूक झाली माझी," काका म्हणाले.

काकूंच्या हातातली पळी हातातच राहिली. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली होती त्यांच्या. "परत बोला," त्या म्हणाल्या. "मला नीट ऐकू नाय आलं."

"आजी, थांब ना!" मुक्ता ओरडली. "आबा, आता याला सोडवायचं कसं?"

काकांचा चेहरा जरा उजळला. तांत्रिक प्रश्न होता. "हॅक्सॉने सळई कापली की—"

"हॅक्सॉ?" काकू कडाडल्या. "गणपतीला? माझ्या घरात?"

"उत्तरपूजा झाली आहे. आता ती नुसती माती."

"सोंड दिसती ना अजून! सोंड हाय तवर गणपती हाय!"

सोहमने भोकाड पसरलं. मुक्ताने टबात हात घातला, गोळा चाचपला आणि नखाने खरवडू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "निघतंय. थोडंसं निघतंय." निघत होता तो वरचा शाडूचा लेप होता. "आबा, बसा खाली. तुम्ही नुसतं खरवडायचं. आकार द्यायचा नाही."

काका बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले. तिघं टबाभोवती आणि सहा हात पाण्यात. मुलगी बराच वेळ बघत उभी राहिली. मग तिने पर्स उघडली आणि काकांचे हात पाण्यात थांबले. आत तो कागद दिसत होता. तिने त्याच्याखालून रुमाल काढून बाही वर बांधली, वाकून गोळा उचलला, उलटा केला आणि नख मारून पाहिलं. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, हे सांगायचं राहिलं.

"कुठली पुट्टी?" तिने विचारलं.

काकांनी नाव सांगितलं.

"दोन्ही भाग नीट मळले होते?"

"दहा मिनिटं," काका दुखावल्यासारखे म्हणाले.

"हं." तिने गोळा सावकाश परत पाण्यात ठेवला. "मुक्ता, सोहम, हे अर्धवट टाकून कुठे जाता येणार नाही. हा पूर्ण विरघळला की मग पाळणाघराचं बघू. तोवर इथेच यायचं."

"किती दिवस लागतील?" सोहमने विचारलं.

"रोज करावं लागेल," ती म्हणाली. "शाळा सुटली की."

ही पुट्टी कधीच विरघळत नाही, हे मलाही माहीत होतं. काका बोलणार होते. पुट्टीबद्दल कोणी चुकीची माहिती दिलेली त्यांना सहन होत नाही. तोंड उघडलंसुद्धा होतं. काकूंनी पळी उगारली आणि ते मिटलं.

दोन वर्षांनी आम्ही नाशिक रोडला स्वतःच्या घरात राहायला गेलो. निघताना जिन्याखाली डोकावले तर मुक्ता लोकरीचं काहीतरी विणत होती, टाके अजागळ. काका समोर, हात पाठीमागे. सोहमने गोळा तसाच ठेवून टबातलं पाणी कुंडीत ओतलं आणि नवीन भरायला नळाकडे गेला.